जाडी बघून वय सांगू नका, भाऊ!

मागच्या अंकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतल्या सायप्रस झाडांबद्दल अर्धं पान लिहिलं होतं, म्हटलं कोण वाचतंय धानाच्या घाईत. तर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून हे एवढं झालं. चार प्रश्न घेतोय, बाकीच्यांचं उत्तर यातच कुठंतरी सापडेल.

प्रश्न : तुम्ही लिहिलं की नॉर्थ कॅरोलिनात ब्लॅक रिव्हर नदीवर २,६२४ वर्षांचं सायप्रस जिवंत उभं आहे. वर्गात वाचून दाखवलं तर सातवीची पोरं म्हणाली, सर, झाड तोडलं नाही तर आतली वर्तुळं मोजली कशी? आणि आकडा इतका नेमका कसा, २,६०० नाही, २,६२४? मला काही सांगता आलं नाही.
— एक शिक्षक, ता. अर्जुनी मोरगाव

सर, पोरांना माझ्याकडून शाबासकी द्या, कारण हाच प्रश्न मोठ्या माणसांनी विचारला नाही, सगळे "बापरे" म्हणून फॉरवर्ड करत सुटले.

आपल्या सुताराकडं गिरमिट असतं ना, तसंच एक हातानं फिरवायचं गिरमिट असतं, फक्त आतून पोकळ. ते बुंध्यात फिरवत फिरवत आत नेलं की पोकळीत लाकडाची एक कांडी जमा होते, साधारण पाच मिलिमीटर जाड, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा बारीक. ती कांडी बाहेर काढायची, कागदाच्या स्ट्रॉमध्ये घालून घरी आणायची, लाकडाच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक पॉलिश पेपरनं घासत बसायचं. मग मायक्रोस्कोपखाली एकेक वर्तुळ मोजतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. झाड आपल्या जागी उभंच राहतं.

पण नुसतं मोजून भागत नाही, हे मी स्वतः खाल्लेल्या आपटीवरून सांगतो. मागं एकदा एका सॉ मिलवर सागवानाचं ताजं कापलेलं तोंड बघून मला हुक्की आली. टाचणी घेतली, भिंग घेतलं, मधून बाहेर मोजत गेलो, ६१ आले. सोबतच्या मित्रानं दुसऱ्या बाजूनं मोजले तर ५८. परत मोजले तर माझेच ६३! आरा चालवणारे मिस्त्री बिडी पेटवत म्हणाले, "साहेब, झाडाचं वय एक, अन् तुमचे तीन." झालं असं होतं की पावसानं मधेच मोठी ओढ दिली की झाड थांबतं, पाऊस आला की परत वाढतं, आणि एकाच वर्षात दोन वर्तुळं असल्यासारखं दिसतं. उलटं पण होतं, फार वाईट साली बुंध्याच्या एखाद्या बाजूला वर्तुळ पडतच नाही.

सायप्रसमध्ये ही दोन्ही लफडी आहेत. म्हणून एका झाडावर विश्वास ठेवतच नाहीत. समजा गावात चार दुकानदार आहेत आणि चौघंही आपापल्या वहीत दरवर्षीचा धंदा लिहितात, दुष्काळाचं वर्ष चौघांच्याही वहीत बारीकच निघणार. एखाद्यानं एक वर्ष लिहायचं विसरलं किंवा एक वर्ष दोनदा लिहिलं तर बाकीच्या तीन वह्यांवरून ते लगेच पकडता येतं. तसंच शेजारपाजारच्या झाडांच्या जाड-बारीक वर्तुळांचा क्रम एकमेकांशी जुळवत मागं मागं जायचं, जिवंत झाडांवरून पाण्यात पडलेल्या मेलेल्या खोडांवर, आणि तिथून आणखी मागं. ही पद्धत बसवली अँड्र्यू डग्लस नावाच्या माणसानं, आणि गंमत म्हणजे तो झाडांचा नव्हे, ताऱ्यांचा अभ्यास करणारा होता, सूर्यावरच्या डागांचा हिशोब झाडांत शोधायला गेला आणि हे हाती लागलं.

ब्लॅक रिव्हरवर हे काम अर्कान्सास विद्यापीठाच्या डेव्हिड स्टॅले यांनी १९८५ च्या सुमारास सुरू केलं. तेव्हाच एक झाड असं निघालं की ज्याचं आतलं वर्तुळ इ.स. ३६४ सालचं, म्हणजे इकडं आपल्या नगरधनला वाकाटक राज्य करत होते तेव्हाचं रोप. लोकांना वाटलं हेच सगळ्यात म्हातारं. मग २०१९ मध्ये त्यांनी नवीन यादी छापली, त्यात एक २,०८८ वर्षांचं आणि एक २,६२४ वर्षांचं. त्या दुसऱ्याचं सगळ्यात आतलं सापडलेलं वर्तुळ इसवीसनापूर्वी ६०५ चं, गौतम बुद्धांच्या जन्माची ५६३ ही जी रूढ तारीख आहे तिच्याही आधीचं. रेडिओकार्बन, म्हणजे लाकडातल्या कार्बनवरून वय काढायची तपासणी, ती लावून पण खात्री केली.

आणि पोरांना एक सांगा, तो आकडा "किमान" आहे. सायप्रसचा बुंधा पाण्यालगत घागरीसारखा फुगलेला असतो, तिथं कांडी नीट निघत नाही, म्हणून फुगवट्याच्या वर चढून काढतात. रोपाला तेवढं उंच व्हायला जी वर्षं लागली ती मोजणीत येतच नाहीत.

बरं हे वय काढून करायचं काय, असंही एकानं विचारलंय. पाण्यात उभं असलं तरी हे झाड वसंतातल्या आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या पावसाप्रमाणे कमी-जास्त वाढतं, म्हणून त्याच्या पोटात पावसाची नोंदवही आहे. १५८७ मध्ये रोआनोक बेटावर उतरलेले इंग्रज वसाहतवाले पुढं गायब झाले, कुठं गेले आजवर धड कळलं नाही, आणि सायप्रसच्या वर्तुळांनी १९९८ मध्ये सांगितलं की १५८७ ते १५८९ हा तिथला आठशे वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ होता. ज्यानं दुष्काळ बघितलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

प्रश्न : एवढी जुनी झाडं इतकी वर्षं कोणाला दिसली कशी नाहीत? आणि लाकूडवाल्यांच्या हातून सुटली कशी?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, पवनी

ताई, दिसत होती की! नावाडी, मासेमार रोज बाजूनं जात होते. पण ती म्हातारी वाटत नाहीत, हीच तर खुबी आहे.

साधारण १८९० ते १९३० या काळात तिकडच्या दलदलींमध्ये सायप्रसची जी तोड झाली ती भयंकर होती. हे लाकूड लवकर सडत नाही म्हणून कौलांपासून होड्यांपर्यंत सगळीकडं मागणी. ओलं लाकूड पाण्यात बुडतं, म्हणून आधी बुंध्याभोवती गोल साल काढून झाड उभ्या उभ्या वाळवायचं आणि मग तोडून तरंगत न्यायचं. जी सरळसोट, भरीव, फळ्या निघण्यासारखी होती ती सगळी गेली. मागं राहिली ती वाकडी, पिळवटलेली, शेंडा वादळात मोडून वर सपाट झालेली, आतून पोकळ. ज्यांचा कोणाला उपयोग नाही ती. आणि नेमकी तीच शेकडो वर्षं जुनी निघाली, कारण हळू वाढणारं आणि सतत मार खाणारं झाड असंच दिसतं. म्हणून आज शोधणारे लोक डोंगी घेऊन त्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यात जातात तेव्हा मोठ्या झाडाकडं बघत नाहीत, ते वर बघतात, शेंडा सपाट आहे का, वरच्या फांद्या मोजक्या आणि जाड आहेत का, बुंध्याला पीळ आहे का.

लुइझियानात कॅट आयलंडला एक सायप्रस आहे, घेर जवळपास ५६ फूट, फोटो बघून माणूस हरखून जातो. मेक्सिकोत तुले गावचं झाड याच कुळातलं, जगातला सगळ्यात जाड बुंधा म्हणून प्रसिद्ध. पण वयाचा नंबर लावायचा तर ब्लॅक रिव्हरचं ते वेडंवाकडं झाड पुढं जातं. माझ्या मते तर जाडीचं कौतुक ही आपल्या सगळ्यांचीच खोड आहे, पेपरवाल्यांची जरा जास्त.

आता त्यांना धोका आऱ्याचा कमी आणि समुद्राचा जास्त आहे, ती झाडं समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंचीवर उभी आहेत.

प्रश्न : सायप्रस म्हणजे आपलं सुरूचं झाडच ना? आणि ते पाण्यातून वर आलेले गुडघे कशासाठी असतात?
— एक वाचक, ब्रह्मपुरी

नाही हो. सुरू वेगळं, बागेतलं सरू वेगळं, आणि हे तिसरंच, हिवाळ्यात पानं झाडून टाकतं म्हणून तिकडं याला टकलं सायप्रस म्हणतात. गुडघ्यांचं म्हणाल तर मुळांना हवा मिळावी म्हणून, चिखलात आधार म्हणून, असं बरंच सांगतात, पण शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, त्यामुळं कोणी छातीठोक सांगितलं तर ऐकून घ्या फक्त. एक मात्र पक्कं की बी पाण्याखाली रुजत नाही. पाणी ओसरून चिखल उघडा पडला तरच रोप धरतं, आणि बारा महिने पाणी अडवून ठेवलं तर म्हातारी जगतात पण नवीन पिढी येत नाही.

प्रश्न : भाऊ, आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर अर्जुनाचं मोठं झाड हाये. माहा आजा सांगे का त्याच्या आज्यानं बी ते असंच पाह्यलं. कोणी म्हनते पाचशे वर्षं, कोणी म्हनते हजार. आता ग्रामपंचायत तिथं बोर्ड लावतो म्हनते, 'हजार वर्ष जुना वृक्ष'. खरं वय कसं काढाव? नोंद कुठं कराव? ते गिरमिट आमाले भेटन का?
— एक शेतकरी, ता. साकोली

काका, गिरमिटाच्या भानगडीत पडू नका. सागवानाची वर्तुळं आपल्याकडं चांगली वाचता येतात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सागवानावरून जुन्या पावसाचा अभ्यासही केलाय, पण अर्जुनाचं तसं सरळ नाही, उगाच भोक पाडून बुरशीला वाट करून द्याल.

त्यापेक्षा तुमच्याकडं एक पुरावा आहे तो तिकडच्या लोकांकडं नाही, ती म्हणजे पाळ. झाड पाळीच्या मातीत उगवलं असेल तर ते पाळीपेक्षा जुनं असूच शकत नाही! म्हणजे तलाव कधी बांधला हे कळलं की वयाची वरची हद्द कळली. हे तलाव कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले, त्यामुळं हजार हा आकडा मला तरी पचत नाही. फक्त एक बघा, झाड आधीपासून होतं आणि पाळ नंतर त्याच्याभोवती चढवली असं तर नाही? बुंधा मातीत गाडल्यासारखा सरळ आत जातो का, की मुळ्यांचा पसारा वर दिसतो? सरळ आत जात असेल तर कहाणी बदलते. तहसीलला आणि भूमी अभिलेखला जुने जमीन-महसूल बंदोबस्ताचे कागद, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या हक्कांच्या आणि रूढींच्या जुन्या नोंदी मागा. तलाव त्यात सापडायला पाहिजे, झाड सापडलं तर नशीब.

मग मोजमाप. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर घेर घ्यायचा. पाळ उताराची आहे तर वरच्या अंगाला उभं राहून उंची धरायची. तिथं गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या वर घ्या आणि किती उंचीवर घेतला ते लिहून ठेवा, सायप्रसवालेही फुगवट्याच्या वरच मोजतात. मी एकदा असंच एक अर्जुन मोजायला गेलो, टेप निघाला शिंप्याचा, दीड मीटरचा, मग सुतळी गुंडाळली, खूण केली आणि घरी येऊन मोजली तर पाच मीटर वीस. दुसऱ्या दिवशी नीट टेप नेला तर पाच मीटर पाच! सुतळी ओली होती आणि मागच्या बाजूला ढिली पडून खाली सरकली होती. तेव्हा दोघं जण लागतात, एक मागं, आणि दोनदा मोजा. फोटो काढताना शेजारी माणूस उभा करा, नुसत्या झाडाच्या फोटोवरून काही कळत नाही.

या घेरावरून वय काढायची सूत्रं मोबाईलवर भेटतील, ती वापरू नका. तुडुमाजवळ, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या तोंडाजवळ, बारमाही ओल असलेलं अर्जुन आणि माळावरचं अर्जुन एका वेगानं वाढत नाही.

नोंदीसाठी ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याखाली, तिच्याकडं लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बहुतेक गावात ती कपाटात असते, तुम्ही बाहेर काढायला लावा. याच कायद्याखाली आलापल्लीचं जुनं जंगल २०१४ मध्ये वारसा स्थळ झालं, त्यामुळं कागदाला काही किंमत नाही असं समजू नका. नोंदीत मोजलेलं एका ओळीत आणि ऐकलेलं दुसऱ्या ओळीत लिहा, आणि ऐकलेलं कोणाकडून ते पण लिहा. तुमच्या आज्याचं नाव त्यात आलंच पाहिजे.

बोर्ड लावायचाच असेल तर त्यावर घेर, मोजल्याची तारीख आणि "चार पिढ्यांच्या आठवणीतलं झाड" एवढं लिहा.

एक शेवटचं विचारतो, बुंधा आतून पोकळ आहे का? असेल तर मार्च-एप्रिलमध्ये लक्ष ठेवा. फ्लोरिडात 'सेनेटर' नावाचं सायप्रस होतं, ११८ फूट उंच, वय साडेतीन हजाराचं धरायचे. १९२५ च्या वादळात शेंडा गेला तरी उभं होतं. जानेवारी २०१२ मध्ये एका बाईनं त्याच्या पोकळीत शिरून उजेडासाठी विस्तव पेटवला आणि झाड आतून चिमणीसारखं जळून कोसळलं. आपल्याकडं मोहफूल वेचायच्या दिवसांत खालचा पालापाचोळा जाळतात, एक ठिणगी पोकळीत गेली की तेच. पाळीवरचा पाला आधीच झाडून खाली धुऱ्यावर नेऊन टाका, आणि पोकळी असेल तर तिचाही एक फोटो पाठवा.