जर्मनीत पार्सल मागवताना

तू तिकडे नवीन आहेस, म्हणून सांगतो: प्रत्येक दुकानाकडून वेगळं पार्सल मागवू नकोस. सगळी खरेदी आधी पुण्याला घरी येऊ दे, मग एकच खोका. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5000 ने भागतात. म्हणजे 40×40×30 चा खोका आत चार किलोच असला, तरी 9.6 किलोचे पैसे! दुकानांचे खोके घरच्यांना फेकून द्यायला सांग. कुर्ते घट्ट गुंडाळायचे, डब्यांच्या पोकळीत मोजे कोंबायचे. दिवाळी अंकांसारखं जड पण घाई नसलेलं सामान असेल, तर टपालाचा दरही विचारून बघ.

कस्टम्सचं मात्र नीट समजून घे. 45 युरोपर्यंतची भेट करमुक्त असते, पण ती खरोखर घरच्यांनी दिलेली हवी. स्वतः पैसे भरून मागवलेल्या मालावर ‘गिफ्ट’ लिहायचा शहाणपणा करू नकोस, सरळ बिल जोड. पुस्तकांवर आयात व्हॅट 7 टक्के, कपड्यांवर 19.

आणि तूप, पेढे अजिबात नकोत. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ पार्सलने मागवायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. आई ऐकणार नाही, तरी सांग.