फुकटचा वकील, ओटीपी आणि पुढची तारीख

मोफत कायदेशीर मदत आणि मोबाईल, या विषयावर प्रश्न मागवले तर ढिगाने आले. सारखे होते ते एकत्र केलेत, नावं काढलीत. मी बरीच वर्षं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) पॅनेलवर वकील म्हणून काम केलंय, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या त्या बाजूची आहेत हे आधीच सांगते.

प्रश्न : माहेर बीड जिल्ह्यात. नवऱ्याने घराबाहेर काढून चार महिने झाले, पोटगीची केस करायचीय. ऑनलाइन काहीही करायला बसलं की ओटीपी त्याच्याच फोनवर जातो, माझ्या आधारला त्याचा नंबर आहे. उत्पन्नाचा दाखला पण नाही.

ताई, दाखल्याचं आधी डोक्यातून काढा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चं कलम 12 बघा, बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाहीये, पगार किती, घर कुणाच्या नावावर, काही विचारायचं कारण नाही. (पुरुषांना, ते दुसऱ्या कुठल्या गटात बसत नसतील तर, महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे, आणि तिथेही कलम 13 प्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यामुळे तहसीलला चकरा मारायच्या आधी एकदा हे विचारून घ्या.)

आता ओटीपी. ऑनलाइन फॉर्म हा फक्त एक रस्ता आहे. साध्या कागदावर हाताने लिहिलेला अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथली माणसं लिहून घेतात, नाही घेत म्हणाली तर घ्यावंच लागतं हे त्यांना सांगा. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जा. जाणं जमत नसेल तर 15100 ला फोन करा. गावातल्या आपले सरकार केंद्रावर टेली-लॉ मिळतं का तेही विचारा, तिथून वकिलाशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येतं, पण टेली-लॉ म्हणजे नुसता सल्ला, कोर्टात तुमचं वकीलपत्र घेऊन उभा राहणारा माणूस तिथून येत नाही, त्यासाठी अर्ज वेगळा. हे दोन्ही एकच समजून थांबलेल्या बायका मी पाहिल्यात. अर्जावर 7 दिवसांत निर्णय व्हायला हवा असा नियम आहे, म्हणून अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसकट.

आणि हे जरा नीट वाचा. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, अर्जावर नंबर दिला तो नवऱ्याच्या नावावरच्या सिमचा, मेसेज सगळे त्याला. पहिल्या तारखेला तो आमच्या आधी कोर्टात हजर, वकिलासकट, आणि आम्ही काय मागणार हे त्याला तोंडपाठ! तेव्हापासून मी पहिला प्रश्न केसचा विचारतच नाही, सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारते. बहिणीचा, आईचा, अंगणवाडीताईचा, कुणाचाही भरवशाचा नंबर द्या. व्हॉट्सॲप उघडून लिंक्ड डिव्हायसेस बघा, त्याच्या लॅपटॉपवर तुमचं अकाउंट अजून चालू असेल तर तिथूनच बंद करा. आधारचा नंबर केंद्रावर अंगठा लावून बदलता येतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही.

प्रश्न : वडिलांचा बांधाचा दावा 6 वर्षं चालू आहे. वकील विधी सेवेकडून मिळालेत. फोन उचलत नाहीत, तारखेला गेलं की कळतं जज साहेब रजेवर. 60 किलोमीटरची खेप, मजुरी बुडते ती वेगळी.

सीएनआर नंबर घ्या, म्हणजे कोर्टाच्या संगणकात प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर. सोळा अक्षरी-आकडी असतो, महाराष्ट्रातल्या केसचा एमएच ने सुरू होतो. वकिलांकडे नसेल तर कोर्टाच्या ई-सेवा केंद्रात किंवा क्लार्ककडे केस नंबर सांगून मिळतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट, त्यात तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, कुठला टप्पा, सगळं दिसतं, केस एकदा सेव्ह केली की परत परत टाकायचं काम नाही. कागदांच्या जाड पिशवीपेक्षा हा एक नंबर वडिलांच्या खिशात असणं महत्त्वाचं, आमचे जुने क्लार्क तर चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवायला लावायचे, ॲप येण्याआधी केस नंबर, आता सीएनआर.

पण ॲपवर तारीख दिसते, साहेब रजेवर आहेत का ते दरवेळी दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी वकिलांना एक मेसेज टाका, "उद्या यायचं का, साक्ष आहे का नुसती तारीख" असा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा. लांबलचक व्हॉइस नोट कुणी ऐकत नाही (मी पण नाही). तरी उत्तर येतच नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या, वकील बदलून मिळतो. आणि विधी सेवेच्या वकिलाने पैसे मागितले तर ते चूकच, तेही त्याच अर्जात लिहा.

प्रश्न : पुण्यात भाड्याने राहत होतो, खोली सोडली, 40 हजार डिपॉझिट मालक देत नाही. "देतो देतो" असं व्हॉट्सॲपवर लिहिलंय त्याने. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, मग फोन विकला. पुरावा होईल ना?

फोन विकायला नको होता राव.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा आपल्याकडचा मोठा निकाल जालन्यातून गेलाय. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज तीनच्या आत भरला की नंतर, यावरून वाद, पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. ती कॉपी कुठल्या यंत्रातून, कशी निघाली हे लिहून देणारं सर्टिफिकेट मागून मागून अधिकाऱ्यांनी दिलं नाही. 14 जुलै 2020 ला सुप्रीम कोर्टाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल मध्ये सांगितलं की कॉपी (स्क्रीनशॉट ही पण कॉपीच) दाखवायची तर सर्टिफिकेट लागणारच, मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, आणि समोरचा सर्टिफिकेट देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवा. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65-ब होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे, आणि सर्टिफिकेटचे आता दोन भाग झालेत, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा एक कोड, फाइल बदलली की तोही बदलतो) पण लिहावी लागते. चाळीस हजारासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा हा प्रश्न रास्त आहे आणि विधी सेवेने जिल्ह्याला एक तरी असा माणूस ठेवावा असं मला मनापासून वाटतं, वकील फुकट दिला आणि पुरावा दाराबाहेर राहिला तर त्या वकिलाचा काय उपयोग.

तुमचं सगळं संपलेलं नाहीये. नव्या फोनवर तोच नंबर आणि बॅकअप असेल तर चॅट परत येते, ती जपा, एकही मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ही फक्त आठवण. डिपॉझिट ऑनलाइन दिलं असेल तर बँक स्टेटमेंट काढा. आणि करार रजिस्टर होता का बघा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असण्याची जबाबदारी मालकाची, तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे बहुतेक मालकांना माहीतच नसतं.

प्रश्न : आजोबांना दिवाणी कोर्टाचं समन्स आलंय. मी चॅटबॉटकडून लेखी जबाब बनवून घेतला, एकदम भारी इंग्रजीत झालाय, सहा निकाल पण दिलेत त्याने. तोच दाखल करू का?

नको!! 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी असेच चॅटबॉटने दिलेले निकाल दाखल केले, विमान कंपनीविरुद्धचा दावा होता, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, पाच हजार डॉलर दंड बसला. तिथे निदान वकील होते, तुमच्या आजोबांच्या सहीने जाणार आहे हे. भाड्याच्या प्रकरणात मी स्वतः विचारून बघितलं तर त्याने मला दिल्लीचा भाडे कायदा सांगितला, तोही इतक्या ठामपणे की क्षणभर मीच दचकले.

पण त्याचा उपयोग आहे. दाव्याची प्रत समजून घ्यायला, कठीण शब्दाचा अर्थ विचारायला, आजोबांच्या बोलण्यातून तारीखवार घटना लावून घ्यायला वापरा, नाव आणि गट नंबर काढून टाकून. तो कागद पॅनेलच्या वकिलाला द्या, त्याचा एक तास वाचेल. आणि आधी समन्स मिळाल्याची तारीख बघा, जबाबाला 30 दिवस असतात, कोर्टाने वाढवले तर साधारण 90 पर्यंत. हे दिवस चॅटबॉटशी गप्पा मारताना पण चालूच असतात.

प्रश्न : मी विधी स्वयंसेवक आहे. तालुक्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढायचाय, लोक कागद टाकतील, वकील उत्तर देतील. कसं वाटतं?

हेतू चांगला, ग्रुप नको. मागे एका ग्रुपवर एका बाईने मेडिकलचे कागद टाकले आणि त्या ग्रुपात तिचा दीर होता. ज्यांनी ग्रुप काढला त्यांना माहीतच नव्हतं.

एक वेगळा फोन घ्या, एक नंबर. मिस्ड कॉल द्यायचा, तुम्ही परत फोन करायचा, आणि पहिलंच वाक्य "आत्ता बोलता येईल का?" एवढंच. विधी सेवेतून बोलतोय असं समोरचा कोण आहे हे कळेपर्यंत म्हणायचं नाही. कागद मागवायचे ते त्याच नंबरवर, वकिलाकडे गेले की फोनमधून काढायचे. वहीत तीन रकाने ठेवा, कुणी, कधी, पुढे काय झालं. तिसरा रकाना रिकामा दिसला की त्या माणसाला फोन लावायचा. ॲप नंतर बघू.