पाण्याच्या वेळेने चाला

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. लग्नानंतरची पहिली सहल, पाच दिवस, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत चौदा ठिकाणं. उत्साह कळतो रे, पण एवढं धावू नका.

नकाशात मुरूड ते दापोली बोटभर अंतर दिसतं. किनाऱ्याच्या रस्त्याने निघालास की खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, दरवेळी गाडी फेरीबोटीत चढवायची आणि त्याआधी रांगेत थांबायचं. तुझ्या कागदावर या वेळेला जागाच ठेवलेली नाही.

आम्ही नेमकं हेच केलं होतं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, सगळा प्रवास एसटीचा. मुरूडपासून एकेक गाव उरकत मालवणला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीचं रिझर्व्हेशन. सिंधुदुर्ग मी धक्क्यावर बसून पाहिला, अंधारात तट दिसेनासा होईपर्यंत. हे म्हणाले, पुढच्या वेळी नक्की. ती पुढची वेळ यायला एकवीस वर्षं गेली.

म्हणून माझं ऐकशील तर सरळ रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून मालवण, आणि मुक्काम तारकर्ली किंवा देवबागला. चारही रात्री एकाच घरात. बॅगा एकदा उघडल्या की परतीच्या दिवशीच बंद करायच्या.

आता भूगोलाच्या तासाला सांगितलेलं आठव. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तुम्ही पंचमीला पोहोचताय, पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी साडेनऊ-दहाला पूर्ण ओहोटी. रोज हे पाऊण तासाने पुढे सरकतं. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्याला विचारावी. पण एवढं हाताशी असलं की दिवस आपोआप लागतो. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं वाळूचं बेट ओहोटीला कोरडं असतं आणि भरतीला पायाखालून जातं. लोक भर दुपारी जातात आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून परत येतात. तुम्ही सकाळी जा. आणि संगमावर पोहायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. नदीचं पाणी ओहोटीबरोबर बाहेर ओढ घेतं, त्या ओढीपुढे चांगल्या पोहणाऱ्याचंही चालत नाही. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, तिलाही नीट बांधायला लावा. न देणाऱ्या होडीत बसू नका.

किल्ल्याला अख्खी सकाळ द्या. पण आधी दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा पाहा. मोठा खडक आहे, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी इथे पूजा करून कामाला हात घातला, असं सांगतात. पुढच्या तीन वर्षांत समोरच्या कुरटे बेटावर तीनेक किलोमीटरचा तट उभा राहिला, पायाचे दगड शिसं ओतून बसवले. धोंड्यापाशी उभं राहून बेटाकडे पाहिलं की मधल्या उसळत्या पाण्यातून दगड कसे नेले असतील, हे मनात येतंच. होडीतून जाताना दरवाजा शोधत राहा. अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, इतका तटाच्या वळणात लपवलाय. होडीवाले परतायला तासाभराची घाई करतात, तेव्हा चढण्याआधीच बोलून ठेव की आम्ही मागच्या होडीने येऊ. आत महाराजांच्या हातापायाचे चुन्यात उमटलेले ठसे आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीची नाही. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या या तीन विहिरी. तिथे बसा थोडा वेळ. मी दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा साखरबावेच्या कठड्याशी बसून पाणी प्यायले होते, ती चव अजून जिभेवर आहे.

स्कूबा करायचं तर करा, हिवाळ्यात पाणी नितळ असतं. फक्त प्रवाळावर पाय ठेवू नका, हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

एक पहाट मात्र रापणीसाठी राखून ठेव. होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगा ते ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात. तासभर नुसता ओला दोर आणि वाळूत रुतलेल्या टाचा. मग शेवटचा खोळ वर आला की आतलं पाणी एकदम चंदेरी होतं, पेडवे, बांगडे उसळत असतात. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघांनीही दोराला हात लावला होता. तळहात सोलवटले. निघताना एका म्हाताऱ्या रापणकराने ओंजळभर पेडवे माझ्या पदरात टाकले, आणि घरमालकिणीने त्यांचं तिखलं करून वाढलं. त्या सहलीतलं ह्यांना आजही सगळ्यात आधी तेच आठवतं.

ती मासे खात नसेल तर संकोच नको, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे सांगा. सोलकढी तर आहेच.

आणि हे सगळं मी तुला लिहितेय, पण तुझ्या कागदावर मला एकच हस्ताक्षर दिसलं. चौदा ठिकाणांतलं एकतरी तिने सुचवलेलं आहे का? मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. मीही बोलले नाही, नवीन होते. बोलले असते तर एवढंच म्हटलं असतं की उद्याची गाडी सोडू, सकाळी किल्ल्यात जाऊ. तिकिटं काढण्याआधी तिच्याजवळ बस आणि विचार, तुला कशापाशी थांबायला आवडेल? ती म्हणाली की किल्ला नको, नुसतं पाण्याशी बसायचंय, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव.

बदललेला बेत कळव. दोघांनी मिळून लिही.

तुझ्या बाई