प्रश्न वाचकांचे : खेळाचे नियमपुस्तक पडद्यावर कसे वाचावे?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकांचे खेळ. त्यांच्या डिजिटल नियमपुस्तकांविषयी नाशिकमधून बरीच पत्रे आली आहेत. ज्या वाचकांना हा प्रकार नवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, या खेळात एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकून नियमांनुसार तो ठरवला जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याची नियमपुस्तके तीनतीनशे पानांची असल्यामुळे ती हाताळायची कशी, हा प्रश्न नवा नाही. पडद्यामुळे त्याचे रूप मात्र बदलले आहे.

प्रश्न : आम्ही पाच मित्र रविवारी संध्याकाळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. छापील पुस्तक एकच आहे, बाकी सगळ्यांच्या मोबाइलवर नियम आहेत. एखाद्या नियमावरून शंका निघाली की सगळ्यांच्या माना खाली जातात, प्रत्येकाला वेगळे उत्तर सापडते आणि खेळ तिथेच अडतो. मोबाइलवर बंदी घालावी का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बंदीची गरज नाही, पण आपली अडचण खरी आहे आणि तिचे मूळ मोबाइलपेक्षा ‘सर्च’च्या सवयीत आहे. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. आपल्या चमूतील जादूगाराने एक मंत्र चालू ठेवला आहे आणि तेवढ्यात त्याला बाण लागतो. मंत्र टिकला की तुटला, हे पाहण्यासाठी कोणीतरी ‘कॉन्सन्ट्रेशन’, म्हणजे एकाग्रता, हा शब्द शोधतो. हा शब्द कितीतरी मंत्रांच्या कालावधीच्या ओळीत छापलेला असल्यामुळे निकालांची रांगच लागते, आणि घाईत जो पहिला दिसेल तो उघडला जातो. 2014 च्या पुस्तकात मूळ नियम मात्र मंत्रांच्या यादीत नसून मंत्र वापरण्याविषयीच्या प्रकरणात, कालावधीच्या उपशीर्षकाखाली आहे. तो असा की, इजा झाली की कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या काटकपणाचा, सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) टाकायचा आणि त्यासाठी 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांपैकी जो आकडा मोठा असेल तो गाठायचा. म्हणजे 14 इजा झाली तर 10 पुरतात, 30 झाली तर 15 लागतात. त्याच परिच्छेदात हेही लिहिले आहे की असे दोन मंत्र एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत, आणि पात्र हतबल झाले किंवा मेले तर मंत्र आपोआप संपतो. ज्याने शब्द शोधून एक ओळ वाचली, त्याच्या नजरेतून या शेजारच्या ओळी निसटतात, आणि पुढच्या फेरीत त्यांवरूनच नवा वाद उभा राहतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, डिजिटल नियमपुस्तक खेळाच्या आधी घरी वाचण्यासाठी वापरावे आणि टेबलावर ते शक्य तितके कमी उघडावे. प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राला लागू होणारी प्रकरणे सलग वाचावीत. सगळे पुस्तक वाचण्याची जबाबदारी गेम मास्टरची. पीडीएफमध्ये बुकमार्कची पट्टी असते, ती उघडी ठेवून प्रकरणावरून प्रकरणाकडे जाण्याची सवय लावली तर नियम कुठे राहतो हे हळूहळू डोक्यात बसते. सर्च केल्याने नियम सापडतो, पण तो पुस्तकात कुठे होता हे लक्षात राहत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शोधावे लागते.

प्रत्यक्ष खेळताना पुस्तक पाहण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे, आणि ती शक्यतो गेम मास्टर नसावी, कारण त्याला प्रसंगावर लक्ष ठेवायचे असते. मिनिटभरात नियम सापडला नाही तर गेम मास्टरने त्या वेळेपुरता निर्णय द्यावा, तो वहीत टिपावा आणि खेळ संपल्यावर पुस्तकाशी ताडून पाहावा. या वहीचे महत्त्व मला फार वाटते. काही महिन्यांत तीच आपल्या टेबलाची खरी नियमावली होते, आणि तिच्यातल्या नोंदी सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या असल्यामुळे त्यांवर कोणी हुज्जत घालत नाही.

पडद्याविषयी दोन शब्द. ही पुस्तके बहुधा दोन स्तंभांत छापलेली असतात, त्यामुळे मोबाइलवर एक स्तंभ खाली वाचत जायचे आणि पुन्हा वर येऊन दुसरा सुरू करायचा, असा खटाटोप करावा लागतो. दहा इंचांच्या आसपासचा टॅब्लेट असेल तर पूर्ण पान एका नजरेत येते आणि टेबलासाठी असा एक टॅब्लेट पुरतो. लहान ई-रीडर मात्र या कामाला घेऊ नये. चित्रांनी भरलेली पाने त्यावर सावकाश उलटतात आणि अक्षर बारीक दिसते. पान क्रमांक सांगताना छापील क्रमांकच सांगावा, कारण मुखपृष्ठ धरून मोजल्यामुळे फाइलमधला क्रमांक अनेकदा एकदोन पानांनी पुढे असतो. आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा फाइल उपकरणावर उतरवून ठेवावी आणि खेळायला बसण्यापूर्वी चार्जिंग पाहून घ्यावे.

रोज लागणारे नियम, म्हणजे लढाईतील कृती, विविध अवस्था आणि आपल्या पात्राचे मंत्र, कागदावर असलेलेच बरे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना एक काळजी घ्यावी. अमेरिकी पुस्तकांच्या फाइली बहुधा लेटर आकाराच्या, म्हणजे 216 बाय 279 मिलिमीटरच्या असतात आणि आपला ए-4 कागद 210 बाय 297 चा असतो. पान मूळ आकारात छापले तर कडेचा मजकूर कापला जाण्याची भीती असते, म्हणून ‘फिट’ हा पर्याय निवडायला सांगावे. काही प्रकाशक पार्श्वचित्र नसलेली, छापण्यासाठीची वेगळी फाइल देतात. ती मिळाली तर शाईही वाचते आणि अक्षरही ठसठशीत येते.

प्रश्न : नियमपुस्तक संकेतस्थळावर विकत घ्यावे की पीडीएफ घ्यावी? किमती पाहता दोन्ही परवडणार नाहीत. – एक वाचिका, कॉलेज रोड

उत्तर : या दोन खरेदी दिसायला सारख्या असल्या तरी आपल्या हाती येते ते वेगवेगळे असते. पीडीएफ घेतली की फाइल आपल्याकडे येते. संकेतस्थळावरचे पुस्तक घेतले की ते आपल्या खात्यातून वाचण्याची परवानगी मिळते, आणि ती त्या कंपनीच्या अटींवर चालते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चालू पुस्तकांची डिजिटल आवृत्ती ‘डी अँड डी बियाँड’वर या दुसऱ्या प्रकारात मिळते. तिचे फायदे मोठे आहेत : कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचे पान, स्वतःच हिशेब करते, दुरुस्त्या आपोआप होतात, आणि वरच्या दर्जाची वर्गणी भरणारा एक जण आपली पुस्तके सोबतच्या खेळाडूंना वाचायला देऊ शकतो. पण ऑगस्ट 2024 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशक कंपनीने असे जाहीर केले होते की जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नव्या आवृत्तीतले दिसू लागतील. खेळाडूंनी जोरदार विरोध केल्यावर काही दिवसांतच तो बेत मागे घेण्यात आला. आपण अर्धी मोहीम खेळून झाल्यावर नियम बदलणे कोणालाच नको असते, म्हणून ही गोष्ट खरेदीपूर्वी ठाऊक असावी.

पीडीएफच्या बाबतीतही बेफिकीर राहू नये. एप्रिल 2009 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने आपल्या सगळ्या पीडीएफ एकाएकी विक्रीतून काढून घेतल्या आणि जुनी पुस्तके त्या स्वरूपात पुन्हा मिळायला 2013 उजाडले. ज्यांनी फाइल आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती, त्यांचे काहीच अडले नाही. तेव्हा फाइल घेतली की त्याच दिवशी उतरवावी आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.

परदेशी संकेतस्थळावर पैसे भरताना कार्ड नाकारले गेले तर घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या सूचनांनुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात आणि ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. काम झाले की पुन्हा बंद करावेत.

आणि परवडण्याचे म्हणाल, तर पहिले वर्ष एक रुपयाही न देता खेळता येते. ‘पाथफाइंडर’ या त्याच धर्तीच्या खेळाचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीने मोफत वाचता येतात. ‘आयर्नस्वॉर्न’ची पीडीएफ तिच्या कर्त्याने मोफत दिली आहे, तो खेळ एकट्यानेही खेळता येतो. ‘बेसिक फँटसी’ही मोफत आहे, आणि नवख्या गेम मास्टरला मी तोच सुचवीन.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा एका ग्रुपवरून या खेळांच्या पीडीएफ उतरवतो. ‘सगळेच असे करतात’ असे तो म्हणतो. – एक पालक, सिडको

उत्तर : विक्रीला असलेले पुस्तक परवानगीशिवाय वाटणे हा 1957 च्या कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे. या खेळांची पुस्तके पुष्कळदा दोनचार माणसांचे छोटे प्रकाशन काढते आणि विकलेल्या प्रत्येक प्रतीवर त्यांचे पुढचे पुस्तक अवलंबून असते, हे ऐकल्यावर मुले कायद्यापेक्षा जास्त विचार करतात असा माझा विश्वास आहे. अनेक दुकाने विकलेल्या फाइलच्या पानांवर ग्राहकाचे नाव छापतात, त्यामुळे मित्राकडून आलेली फाइल पुढे पाठवली तर त्या मित्राचे नाव गावभर फिरते, हेही त्याच्या लक्षात आणून द्यावे. त्याला रागावण्याऐवजी वर दिलेली मोफत पुस्तके त्याच्यासोबत बसून उतरवून घ्यावीत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. रामशेज किल्ल्याच्या लढ्यावर मुलांसाठी मराठीत असा खेळ तयार करायचा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम मराठीत आणून त्याची पीडीएफ शाळेत वाटली तर चालेल का? – एक वाचिका, पंचवटी

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. 1682 पासून काही वर्षे मोगलांना झुंजवणारा किल्ला आपल्या इतका जवळ असताना मुलांनी परक्या देशातल्या गुहाच का शोधाव्यात!

पुस्तकाचे भाषांतर परवानगीशिवाय करता येत नाही, कारण भाषांतराचा हक्कही कॉपीराइटमध्येच येतो. पण या खेळाचा नियमांचा गाभा ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1’ या नावाने जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बीवाय 4.0’ परवान्याखाली खुला झाला आहे, आणि त्याचे भाषांतर, बदल, वाटप, इतकेच काय विक्रीही करता येते. अट एवढीच की श्रेय द्यायचे, आपण बदल केले आहेत हे सांगायचे आणि परवान्याचा उल्लेख करायचा. श्रेयाचे वाक्य त्या दस्तऐवजात तयार दिले आहे; ते तसेच घ्यावे, त्याखेरीज कंपनीचे नाव श्रेयात आणू नये. मूळ पुस्तकातले सगळे त्यात नाही. पात्रांच्या प्रत्येक वर्गाचा (‘क्लास’चा) एकच उपवर्ग आहे, पात्राची पार्श्वभूमीही एकच आहे आणि बिहोल्डरसारख्या प्रसिद्ध राक्षसांची माहितीपत्रके वगळली आहेत. रामशेजच्या लढ्याला राक्षस लागणारच नाहीत, आणि किल्लेदार, बारगीर, हेर ही पात्रे आपल्यालाच घडवावी लागतील.

खरे सांगायचे तर शाळेतल्या मुलांसाठी हे नियमही जड होतील. वीस बाजूंचा एक फासा, पात्राचे सहा गुण, यश-अपयशाचा आकडा एवढेच घेऊन आठ-दहा पानांत बसवावे.

फाइल तयार करताना मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली पाने दिसायला सुबक असली तरी त्यांत मराठी शब्द शोधता येत नाहीत. युनिकोड वापरूनही काही सॉफ्टवेअर पीडीएफ बनवताना ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी साठवतात, आणि मग डोळ्यांसमोर असलेला ‘किल्ला’ सर्चमध्ये सापडत नाही. म्हणून वाटण्यापूर्वी तयार पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहावा. अक्षरे विस्कटलेली दिसली तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढावी, आणि पहिल्या पानावर श्रेयाचे वाक्य आले आहे ना, हे त्याच वेळी तपासून घ्यावे.