सात महिन्यांच्या बाळाला घेऊन बाहेर फिरायला जावं का? गेलं तर कुठे आणि कसं?

जरूर जा. वर्ष व्हायची वाट बघत बसू नका. तुम्ही लिहिलंय की बाळ सात महिन्यांचं आहे, राहायला कोल्हापुरात आहात, सासूबाईंचं म्हणणं पडतं की वर्षाच्या आत बाळाला घेऊन हिंडायचं नाही, आणि घरातलीच कामं उरकत नाहीत तर सहल कसली असं तुमचं तुम्हालाही वाटतंय. मी कामांपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर येऊन ठरतं. मीही कोल्हापूरचीच आहे. मुलगी आता बालवाडीत जाते, पण तिचं पहिलं वर्ष मला लख्ख आठवतं.

कामं उरकल्यावर बाहेर पडू म्हणाल तर बाळाच्या घरातून कुणी कधीच बाहेर पडणार नाही. मालिश, अंघोळ, टाळूला तेल, मग झोप, तोवर दुपट्यांचा ढीग, मग भरवणं, मग पुन्हा झोप. संध्याकाळ झाली की दिवसभर आपण काय केलं तेही सांगता येत नाही. म्हणून बाहेर पडणं यादीत सगळ्यात वर घ्यायचं. आमच्याकडे ती वेळ सकाळची होती, ऊन चढायच्या आत. बाळाला उचलायचं आणि रंकाळ्याच्या शालिनी पॅलेसच्या बाजूला जाऊन बसायचं. बाळाला करमणूक लागत नाही. हलणारी पानं, पाण्यावरची चमक, पळणारी माणसं, एखादं कुत्रं, एवढं त्याला पुरून उरतं. सकाळचा उजेड रोज मिळाला की बाळाचं दिवस-रात्रीचं गणित बसायलाही मदत होते. संध्याकाळी जाणार असाल तर अंधार पडायच्या आत परता, तळ्याकाठी डास फार असतात. आणि भडंग घेऊन बसणाऱ्यांपासून जरा लांब बसा. सात महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि शेंगदाणा श्वासनळीत अडकणं ही खरोखर जिवावरची गोष्ट आहे.

ही रोजची सवय म्हणजेच सहलीची तयारी. घराबाहेर पाजायची, घराबाहेर लंगोट बदलायची आणि बाळ चार लोकांत रडलं तरी घाबरून न जायची सवय आपल्याला आधी लागावी लागते. बाळाला ती फार लवकर लागते.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्या मनात गर्दी, वारा, पाणी बाधणं, सर्दी-खोकला आहे, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर ती काळजी शंभर टक्के बरोबर असते. तेव्हा लसी पुऱ्या झालेल्या नसतात आणि इतक्या लहान बाळाला ताप आला तर थेट दवाखान्यातच न्यावं लागतं. सातव्या महिन्यात चित्र बदललेलं असतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेले असतात, मान धरलेली असते, वरचं खाणं सुरू झालेलं असतं. पण गोवराची लस अजून बाकी असते, ती नऊ महिन्यांनंतर मिळते. म्हणून मी त्यांच्या नियमाचं रूप जरा बदलेन: बाहेर जायचं, गर्दीत जायचं नाही. जत्रा, लग्नाचा मांडव, सुट्टीच्या दिवसाचा मॉल यांपेक्षा गडावरचं एखादं मोकळं झाड बाळासाठी कितीतरी सुरक्षित. शिवाय आपल्याकडे रानात काम करणाऱ्या बायका पूर्वापार झाडाला झोळी बांधून बाळ निजवतच आल्या आहेत. त्यांना नाइलाज होता हे खरं, पण मोकळ्या हवेत बाळ आजारी पडतं हा समज त्यातून टिकत नाही. आणि शक्य असेल तर सासूबाईंनाच सोबत घ्या. आमच्या घरी विरोध तिथेच संपला. बाळ जाग्यावर शांत बघत बसलंय हे त्यांनी स्वतः पाहिलं, मग पुढच्या खेपेची आठवण त्याच करून द्यायला लागल्या.

पहिल्या सहलीसाठी मी डोळे मिटून पन्हाळा सांगेन. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, कुठेही चढण चढावी लागत नाही, हवा थंड, सावली भरपूर, आणि काही बिनसलं तर तासाभरात घरी. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वर्दळ असते. मधल्या वारी जा. आणि कृपा करून सगळा गड बघायचा बेत करू नका. तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंबरखाना, पुसाटी बुरूज अशी यादी घेऊन निघालात की प्रत्येक ठिकाणी बाळाला गाडीतून काढायचं, आत बसवायचं, पुन्हा काढायचं. दुपारपर्यंत तिघंही रडकुंडीला येता. एकच जागा धरा. आम्ही तबक उद्यानाच्या बाजूला झाडाखाली चटई टाकायचो आणि तिथेच राहायचो. मन झालं तर एकानं बाळाजवळ बसायचं, दुसऱ्यानं अंबरखान्यापर्यंत चालून यायचं. ती दगडी कोठारं आतून इतकी गार असतात की उन्हाच्या वेळी बाळाला घेऊन पाच मिनिटं आत उभं राहिलं तरी बरं वाटतं.

वेळ अशी साधा: बाळाच्या सकाळच्या झोपेच्या जरा आधी घरून निघायचं, म्हणजे ते गाडीत झोपतं आणि वर पोचल्यावर ताजंतवानं जागं होतं. या वयात मूल साधारण दोन-तीन तास जागं राहतं. तेवढे तास तुमचे. पुन्हा पेंगायला लागलं की तिथेच झोळीत किंवा मांडीवर झोपू द्या, नाहीतर सरळ परतीला निघा. बाळाच्या झोपा जशा आहेत तशाच ठेवल्या आणि फक्त जागा बदलली, तर ते सहसा कुरकुरत नाही. पन्हाळ्यावर वारं सुटतं, कानटोपरं किंवा कुंची जवळ ठेवा. पण पाच-पाच कपडेही घालू नका. हातपाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजतेच असं नाही. मानेमागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक थर काढा.

गाडीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती मोडा. धक्का बसला तर आईच्या हातांनी बाळ धरून ठेवता येत नाही, ते शक्यच नसतं. मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी कारसीट लावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण दंडासाठी नको, बाळासाठी लावा. कारसीटमध्ये सुरुवातीला रडतं. म्हणून रंकाळ्यापर्यंतच्या छोट्या फेरीपासून सवय लावा. आणि चालत्या गाडीत पाजायचं नाही, कितीही रडलं तरी. गाडी बाजूला घ्या, पाजा, मग निघा. पुढे कधी गगनबावड्याहून कोकणात उतरलात तर घाटात बाळाच्या कानांना दडे बसतात, गिळलं की ते मोकळे होतात. तिथेही मोकळी जागा बघून थांबून पाजणं हाच उपाय. दुचाकीवर बाळाला घेऊन गड चढू नका. २०२२ च्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा लागतो, वेग चाळीसच्या आत. तुमचं बाळ तर त्याहूनही लहान आहे.

एसटीनं जाणार असाल तर स्थानकावर हिरकणी कक्ष असतो, पाजण्यासाठीच. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीचं नाव त्याला दिलंय. समोर दिसला नाही तर चौकशीच्या खिडकीवर बिनधास्त विचारा. इतर ठिकाणी पुढून उघडणारा कुर्ता आणि एक मोठी ओढणी पुरते. कुणी बघेल या भीतीनं भुकेल्या बाळाला ताटकळत ठेवायचं काही कारण नाही.

खाण्याचं सोपं ठेवा. निम्मं पोट अजून तुमच्या दुधावर आहे, तेच सगळ्यात सुरक्षित. वरचं म्हणून पिकलेलं केळं न्यायचं आणि जागेवर कुस्करायचं. तांदूळ आणि मूगडाळ भाजून दळून ठेवली तर थर्मासमधल्या कढत पाण्यात कालवून पाच मिनिटं झाकली की पेज तयार. शिजवलेला मऊ भात डब्यात घालून उन्हात तासन्‌तास फिरवू नका, तो लवकर बिघडतो. पाणी घरून उकळून गार केलेलं. मीठ-साखर वर्षभर नकोच, आणि मध तर अजिबात नको. मधात असे जिवाणू असू शकतात जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाला भयंकर आजार देतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण सहलीला गेलं की ओळखीचे-अनोळखी सगळे बाळाच्या तोंडाला काही ना काही लावायला येतात. नृसिंहवाडीला गेलात तर बासुंदीचं बोट येणारच. हसून नाही म्हणायला शिका.

पन्हाळा जमला की पुढचं ठिकाण म्हणून मी खिद्रापूर सुचवते. बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ, त्याचा स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांवर उभा आणि वर छताला गोल मोकळीक. त्यातून उन्हाचा कवडसा खाली फरशीवर पडतो आणि बाळ त्याच्याकडे टक लावून बघत बसतं. दगडामुळे गारवा असतो, खाली सपाट फरशी, आणि बाहेर थोड्या अंतरावर कृष्णा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वाट थोडी लांबची आहे, नृसिंहवाडीला थांबा घेऊन करा.

पावसाळ्यात मात्र बेत आवरते घ्या. पन्हाळ्यावर समोरचं दिसत नाही इतकं धुकं उतरतं, आणि पंचगंगेला-कृष्णेला पूर आला की या वाटा कशा बंद होतात हे आपण २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिलंय. धबधब्यावर बाळाला घेऊन तर जाऊच नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं बघता बघता वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही. जोतिबाला बाळाला पाया पडायला न्यायचंच असेल, तर चैत्र यात्रा आणि रविवार टाळून सकाळी लवकर जा. गुलाल हवेत असतो आणि तो बाळाच्या डोळ्यांत-नाकात जातो.

लस दिल्यानंतरचे दोन दिवस कुठे जायचं नाही, ताप येऊ शकतो. जुलाब किंवा ताप असेल तर बेत रद्द. बाहेर असताना बाळ दूध घेईना, मलूल पडलं किंवा सहा-सहा तास लघवी झाली नाही, तर सहल तिथेच सोडून डॉक्टर गाठा.

शेवटचं तुमच्या नवऱ्यासाठी, त्यांना हे वाचायला द्या. पिशवी त्यांनी भरायची. दुपटी, कपड्यांचे दोन-तीन जोड, डायपर, घाणेरडे कपडे टाकायला घट्ट बांधता येणारी पिशवी, तापाचं औषध आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेला त्याचा डोस, टोपी, चटई. पिशवी जो भरतो त्यालाच काय संपलंय ते कळतं, आणि मग दर दहा मिनिटांनी तुम्हाला हाक मारावी लागत नाही. तिथे पोचल्यावर पहिला तास बाळ त्यांच्याकडे. तुम्ही चटईवर आडव्या व्हा, डोंगराकडे बघा, झोप आली तर झोपा. बाळंतपणापासून असा एक तास तुम्हाला मिळाला नसेल, आणि सहलीला जायचं ते बाळाइतकंच या तासासाठीही. दूध सोडून बाकी सगळं बाबाला जमतं. परतल्यावर दुसऱ्या दिवशी पाहुणे, मोठी धुणी, काही ठेवू नका. बाळ त्या दिवशी जास्त झोपतं, तुम्हीही झोपा.