विमानाचा स्विच मागून बघा

घरी छोटं विमान बांधणारी मंडळी आपल्याकडे मोजकीच, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

घरातल्या बोर्डावरचा दहा अँपियरचा स्विच विमानात चालेल का? (जुळे सोलापूर)

नाही.

काकांच्या मागाच्या शेडमध्ये टू-सीटर बांधतोय. कुठल्या कंपनीचा टॉगल (खटक्याचा स्विच) दहा वर्षं टिकेल? एकजण म्हणाला मिलिटरी ग्रेडचाच घे. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

आधी कंपनीचं नाव विचारायचं सोडा. चांगला टॉगल हजारो वेळा चालू-बंद करायला बनवलेला असतो, तुम्ही वर्षाला 50 तास उडवलंत तरी लँडिंग लाइटचा खटका शे-दोनशे वेळाच हलणार, म्हणजे झिजून तो जाणार नाहीच. तो जातो पडून राहून, कॉन्टॅक्टवर ऑक्साइड चढतं, पावसाळ्याची दमट हवा लागते, त्यात तुमच्या शेडमध्ये सुताची धूळ. आणि सगळ्यात जास्त त्रास मागच्या बाजूला. मागची टॅब, म्हणजे वायर जोडायची धातूची पट्टी, आत रिव्हेटने धरलेली असते, ती जरा ढिली झाली की तिथं रेझिस्टन्स वाढतो, टॅब तापते, तापली की अजून ढिली होते, आणि पुढून खटका मात्र अगदी कडक वाजतो! बॅटरी काढून टॅब पकडीने हळूच हलवा. खुळखुळली, किंवा बुडाशी प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं, तर स्विच फेकून द्या.

लगचंही, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्याचंही, तेच. सोल्डर म्हणजे पक्कं काम हे कोणीतरी सांगितलेलं डोक्यातून काढा. सोल्डर वायरच्या तारांमधून वर चढतं, तिथवर वायर कडक होते आणि कडक भाग जिथं संपतो तिथं व्हायब्रेशनने एकेक तार तुटत जाते. लग वायरवर दाबून बसवणारं रॅचेटवालं क्रिंपिंग टूल घ्या, इन्सुलेशनलाही पकडणारा लग घ्या, वायर जवळच बांधा म्हणजे ती लोंबकळून हलणार नाही. स्विचचं रेटिंगही बघा, दिव्याचा थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून अमेरिकेच्या एफएए या विमान खात्याच्या एसी 43.13-1बी या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे 12 व्होल्टला दिव्यासाठी रेटिंगला 5 ने भागतात, 20 अँपियरच्या स्विचवर 4 अँपियरचाच दिवा. हे सगळं पॅनेल बंद करायच्या आधी एखाद्या एएमईला (विमान देखभालीच्या इंजिनियरला) दाखवा, नंतर नाही.

मास्टर कॉन्टॅक्टर चालवणारा स्विच सारखा खराब होतो. (पंढरपूर)

मास्टर कॉन्टॅक्टर म्हणजे बॅटरी जोडणारा मोठा रिले, त्याच्या कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल. स्विच बंद करताना कॉइल मोठं व्होल्टेज उलट फेकते आणि स्विचच्या आत ठिणगी पडते. 1एन4007 नंबरचा डायोड चालतो, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावलात तर शॉर्ट, म्हणून जाणकाराकडून तपासून घ्या.

दुकानदार घरगुती पीव्हीसी वायरच 'एअरक्राफ्ट क्वालिटी' म्हणून देतोय, स्वस्त आहे. (होटगी रोड)

असली फसवणूक मला अजिबात सहन होत नाही. पीव्हीसी जळालं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते आणि बंद कॉकपिटमध्ये तुम्हाला पळायला जागा नसते. टेफ्झेल नावाच्या प्लास्टिकचं इन्सुलेशन असलेल्या वायरवर एम22759/16 असं छापलेलं असतं, ती 150 अंशापर्यंत टिकते. छपाई नाही, बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट नाही, तर फुकटही घेऊ नका.

मॅग्नेटोचा स्विच ऑफ आहे, मग प्रोपेलर हाताने फिरवला तर काय बिघडतं? (बार्शी)

हात जाऊ शकतो. मॅग्नेटो बॅटरीशिवायच इंजिनाला ठिणगी देतो आणि त्याचा स्विच उलटा चालतो, ऑफ केला की मॅग्नेटो अर्थिंगला जोडला जाऊन बंद पडतो. ती अर्थिंगची वायर कुठं तुटली असेल तर स्विच ऑफ आणि मॅग्नेटो चालू, बॅटरी काढलीत तरी. प्रोपेलर कायम चालू आहे असंच धरा आणि वायर तपासायची रीत एएमईकडून समोर उभं राहून शिका.

मास्टर चालू केला की कधीकधी जळका वास येतो. दिवाळीनंतर उघडून बघितलं तर चालेल ना? (कुर्डुवाडी)

नाही चालणार! आजच बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि माणूस बोलवा. वास नक्की कुठून येतो हे शोधायला मास्टर परत चालू करू नका.