"मॅडम, मी काही खातच नाही हो, तरी वजन वाढतंय"

लातूरला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. आधी एक सांगते, या बायका खोटं बोलत नसतात. ऐकणारे सगळे, नवरा, जाऊ, नणंद, मनातल्या मनात हसतात आणि बाईला ते कळतं, मग ती दुसऱ्यांदा कुणाला सांगतच नाही. ताटात खरंच कमी असतं. बाकीचं कुठून येतं ते बघायला घर बघावं लागतं.

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आपण त्यांना नुसतं ताई म्हणू. वय ३६, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. मालकांचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान, घरात सासूबाई, दोन लेकरं. येताना फाईल घेऊन आल्या होत्या. थायरॉईड नॉर्मल, साखर बॉर्डरवर, आणि थायरॉईड नॉर्मल आल्याचं त्यांना चक्क वाईट वाटलं होतं, कारण थायरॉईड निघाला असता तर निदान घरच्यांना सांगता आलं असतं की माझी चूक नाही म्हणून. (थायरॉईड असला तरी त्याच्यामुळं सहसा दोन-चार किलोच वाढतात, वीस नाही, पण ते आत्ता राहू द्या.) लिंबू-मधाचं कोमट पाणी झालं होतं, ग्रीन टी झाला होता, मोबाईलवर बघून सात दिवस नुसत्या फळांचं आणि कोबीच्या सूपचं डाएट करून झालं होतं, चार किलो उतरले आणि महिना-दीड महिन्यात पाच परत आले. "दोन वेळा अर्धी अर्धी भाकरी खाते मॅडम, अजून किती कमी करू?"

मी म्हटलं काहीच कमी करू नका, फक्त आठ दिवस लेकराच्या जुन्या वहीत लिहा, आणि "जेवण" लिहू नका, तोंडात जे जे गेलं ते लिहा, मग ते चमचाभर का असेना.

वही आली. त्यातला एक दिवस जसाच्या तसा सांगते. सकाळी सहाला चहा, दोन टोस्ट. डबे करताना सुशीला (मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) केली, त्यातला घास घास चाखत. पोरगं निम्मा पराठा ताटात टाकून शाळेला पळालं, तो वट्ट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ला. अकराला शेजारच्या वहिनी आल्या, चहा आणि चिवडा. मालक दुकानातून कधी दोनला येणार कधी साडेतीनला, तोवर जेवायचं नाही, म्हणून भूक मारायला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, मग परत अर्धी मूठ. साडेतीनला अर्धी भाकरी आणि वरण, तीच ती "मी जेवले" म्हणून सांगितलेली. पाचला चहा, फरसाण. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर अर्धी भाकरी. आणि मग शेवटची ओळ, जरा बारीक अक्षरात, साडेदहा: भगुल्यातला राहिलेला भात, आमटी.

चहा दिवसाला तीन, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सहा चमचे, ३० ग्रॅम. दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत असावी म्हणतात. शेंगदाणे मूठ-दीड मूठ, त्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेलच असतं. सगळी बेरीज केली तर त्या दोन अर्ध्या भाकरींच्या कितीतरी पट उभ्यानं गेलेलं निघालं, आणि यातलं काही त्यांना "खाणं" वाटलेलंच नव्हतं कारण त्याला ताट नव्हतं.

मला खरं बोलायचं होतं ते त्या साडेदहाच्या ओळीबद्दल. विचारलं भूक असते का तेव्हा? म्हणाल्या नसते. मग? जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "सगळे झोपलेले असतात. मोबाईल घेऊन खाली बसते आणि खाते. कुणी हाक मारत नाही तेवढाच वेळ. आणि भात टाकून कसा द्यावा मॅडम?"

दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघा या उत्तरात, आणि दोन्हींना डाएट चार्टमध्ये जागा नसते.

टाकून कसा द्यावा, याला मी काय उत्तर देणार? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं बघितलंय तिथं कुणाला "राहिलेलं फेकून द्या" सांगायची माझी तर हिंमत नाही आणि इच्छाही नाही. मग आम्ही उलटीकडून गेलो. भात रोज किती राहतो ते मोजलं, जवळपास वाटीभर कोरडे तांदूळ जास्तच टाकले जात होते, "कुणी आलं तर" म्हणून. ते कमी केले. तरी राहिलाच तर झाकून फ्रीजमध्ये आणि सकाळी फोडणीचा भात सगळ्यांना, एकट्या ताईंना नाही. घरातल्या बाईचं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नाही, एवढं मात्र मी जरा जोरात बोलले त्यादिवशी.

आणि तो एकटीचा वेळ? तो काढून घ्यायचा नव्हता, फक्त त्याच्यातून भगुलं काढायचं होतं. रात्री वट्टा आवरून स्वयंपाकघरातली लाईट बंद, मोबाईल घेऊन गच्चीवर किंवा पुढच्या खोलीत, सोबत लागलंच तर ताक. पहिले काही दिवस जड गेले त्यांना, एकदा फोन करून म्हणाल्या मॅडम रडू येतंय नुसतं, भातासाठी नाही, असंच. त्यावर आम्ही दोन-तीन बैठका बोललो, माहेरचं, राहून गेलेल्या बी.एड.चं, एका लग्नात मावससासू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या "मानवलंय गं तुला सासर", तेव्हापासून फोटो काढणं बंद केल्याचं. ते सगळं इथं लिहित नाही. पण ज्या खाण्याला भूक नसते त्याच्यामागं काहीतरी असतं आणि ते नुसत्या मनोनिग्रहानं जात नाही, हे ज्यांना रात्रीचं असं होतं त्यांनी लक्षात घ्या, स्वतःला शिव्या देत बसू नका.

आता खरी अडचण होती ती दुपारच्या साडेतीनची. सकाळचे टोस्ट पोटात किती टिकणार, त्यानंतर नीट जेवण साडेतीनलाच, मग शेंगदाणे-चिवडा होणारच. पण "मालकांच्या आधी जेवा" असं मी सांगून त्या घरात ते होणार होतं का? नाही. सासूबाईंना मात्र दहा वर्षांपासून शुगर, गोळ्या चालू, आणि त्यांच्या डॉक्टरांनी वेळेवर जेवायला आणि रोज चालायला सांगितलेलं, जे कुणीच मनावर घेत नव्हतं. मी म्हटलं तुमची वेळ सांभाळू नका, आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, सांभाळा. बरोबर एकला त्यांचं ताट वाढायचं आणि त्यांना एकटीला जेवण जात नाही म्हणून शेजारी आपलंही वाढायचं. एकदम चाललं! म्हातारीला सोबत मिळाली, डॉक्टरांचा शब्द राहिला, कुणाला बोलायला जागा नाही. पहिल्या आठवड्यात मालकांनी एकदा विचारलं म्हणे, जेवलीस का तू आधीच? उत्तर सासूबाईंनीच दिलं, "मी बसवलंय तिला, तू आधी येळंवर येत जा की."

ताटात काय, तर भाकरी अर्धीची दीड केली. हो, वाढवली. ताई घाबरल्याच. पण सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ किंवा पिठलं, मोठी वाटी पालेभाजी, काकडी-मुळा-कांदा काय असेल ते, आणि ताक. पोट भरलं की चारपर्यंत शेंगदाण्याच्या डब्याकडं हात जात नाही, साधा हिशोब. आपल्याकडं तांदुळजा, अंबाडी, चुका, शेपू, घोळ असली भाजी बाजारात ढिगानं असते आणि बायका सलाडसाठी ब्रोकोली शोधतात, मला कळत नाही. चालत असेल त्यांनी अंडी खावीत.

ज्वारीबद्दल मात्र एक गैरसमज काढते, ज्वारीनं चरबी वितळते असे व्हिडिओ फिरत असतात. तसं काही नाही, ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच. फायदा हा की भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, लवकर पोट भरतं, तर तेलाच्या तीन-चार पोळ्या कधी गेल्या ते समजत नाही. तीन भाकरी तूप लावून खाल्ल्या तर ज्वारी मालदांडी असू दे नाहीतर परभणी मोती, वजन वाढणारच.

आणि तेल. हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, महिन्याला किती लागतं? यांच्याकडं पाच माणसांना सहा लिटर. माणशी दिवसाला ४० मिली झालं, छोट्या चमच्यानं आठ. चार-पाच चमच्यांवर भागायला पाहिजे, म्हणजे महिन्याला तीन-साडेतीन लिटर. त्यात आपल्या प्रत्येक कोरड्यासात (भाजी-आमटीत) शेंगदाण्याचा कूट वेगळाच. आम्ही एवढंच ठरवलं की महिन्याचं तेल एकदाच भरायचं, साडेतीन लिटर, आणि बरणीतून ओतायचं नाही, चमच्यानं घालायचं. तर्री गेली म्हणून आठ दिवस घरात कुरबूर झाली, मग सवय झाली. करडई का सोयाबीन असं पण त्यांनी विचारलं, मी म्हटलं कुठलंही घ्या, चमचा तेवढाच ठेवा, कॅलरीत दोन्ही सारखे.

उपवास दोन, मंगळवार देवीचा आणि चतुर्थी. सोडा म्हणाले नाही, मी कोण सांगणारी. पण साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर कूट, तूप, बटाटा, संध्याकाळी चिप्स, उपवासाच्या दिवशी जास्त जातं बऱ्याचदा. त्याच्याऐवजी भगर आणि ताक, राजगिऱ्याची भाकरी, काकडी, एखादं फळ. देवी रागावणार नाही.

व्यायामावर "मी दिवसभर कामातच असते की" हे ठरलेलं वाक्य. खरंय, पण घरकामात दम लागत नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला तर तो व्यायाम, आणि तसा आठवड्याला निदान १५० मिनिटं. एकटीनं पहाटे रस्त्यावर जायचं तर कुत्री, अंधार आणि वर गल्लीतल्या नजरा. इथंही आत्याबाईच कामाला आल्या, दोन्ही जेवणानंतर दहा-दहा मिनिटं त्यांना घेऊन अंगणात हळूहळू, जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते म्हणून दोघींनाही चांगलं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर ताईंनी एकटीनं गच्चीवर झपझप वीस-पंचवीस मिनिटं. उन्हाळ्यात आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत दुसरा पर्यायही नाही. शिवाय एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस दहा वेळा, जरा थांबून परत दहा, आणि भिंतीला हात लावून जोर. गुडघे दुखत होते म्हणून सूर्यनमस्कार नंतर ठेवले. एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, हे ऐकून त्यांना वजनापेक्षा जास्त हुरूप आला.

पण नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवू नका. अर्धा तास चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, म्हणजे एक मोठा चमचा तेल. चालून आल्यावर दोन भजी खाल्ली की मिटला विषय.

उतरलं किती? पहिल्या महिन्यात दीड किलो, दुसऱ्यात शून्य, लग्नसराई होती, रडारड झाली, मग परत हळूहळू. आठ महिन्यांत ७८ चे ७१ झाले. चार्टप्रमाणं अजून जास्तच आहे, आपल्याकडं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ च्या वर लठ्ठपणा धरतात आणि त्यांचा अजून २९ च्या पुढं आहे. पण साखर नॉर्मलमध्ये आली, गुडघे बरे आहेत. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, सकाळी, आणि कंबर सुतळीनं मोजून गाठ मारायची हे त्यांचं ठरलंय. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, ती दोन दिवसांत कुणाचीच जात नाही, आठवड्यात पाच किलो सांगणारा पाणी काढतो अंगातलं नाहीतर पैसे खिशातले. डबेबंद पावडर विकणाऱ्या ओळखीच्या ताईंपासून पण जरा लांब राहा.

ज्यांना अचानक वजन वाढलंय, पाळी लांबतेय, अंगाला सूज आहे, दम लागतो, शुगर-बीपीच्या गोळ्या आहेत किंवा अंगावर पाजताय, त्यांनी आधी डॉक्टर, मग हे सगळं. आणि रात्रीचं खाणं हाताबाहेर जात असेल, खाऊन उलटी काढावी वाटत असेल, तर समुपदेशकाकडं या, लाजू नका.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोन, येळवस (वेळा अमावस्या) आली मॅडम, शेतात सगळी भावकी, काय करू? म्हटलं जेवा की! भज्जीत (तळलेली भजी नव्हे, येळवसची मिसळीची भाजी) सगळी हिरवी दाणं आणि पालेभाज्या, त्याच्याएवढं चांगलं ताट वर्षात दुसरं नाही, आंबील प्या, खीर वाटीभर घ्या एकदाच. फक्त सगळ्यांना वाढून शेवटी एकटीनं बसू नका, पहिल्या पंगतीला बसा.